सर्बियातील पक्षांचे झेंडे वाचायचे कसे?

१ नोव्हेंबर २०२४ रोजी सकाळी ११ वाजून ५२ मिनिटांनी सर्बियातील नोवी साद शहरात रेल्वे स्थानकाच्या प्रवेशद्वारावरचा काँक्रीटचा छज्जा कोसळला आणि त्यात एकूण १६ जणांचा जीव गेला. स्थानकाचे नूतनीकरण नुकतेच झालेले असल्यामुळे दोष कोणाचा हा प्रश्न लगेच उभा राहिला, विद्यार्थी रस्त्यावर उतरले, आणि जानेवारी २०२५ मध्ये पंतप्रधान मिलोश वुचेविच यांना राजीनामा जाहीर करावा लागला. त्या मोर्च्यांची छायाचित्रे आपल्याकडच्या वृत्तपत्रांतही आली. ती नीट पाहिली तर एक गोष्ट खटकते. माणसांच्या डोक्यांवर झेंड्यांचे रान माजलेले आहे, पण जवळजवळ सगळे झेंडे एकच आहेत: लाल, निळा, पांढरा. सरकारच्या बाजूने निघालेल्या सभेचे छायाचित्र शेजारी ठेवले तर तिथेही तेच लाल, निळे, पांढरे पट्टे दिसतात. मग विरोधक कोणते आणि सत्ताधारी कोणते, हे ओळखायचे तरी कसे?

आपली नजर निवडणूक म्हटले की निशाणी शोधते. कमळ, हात, धनुष्यबाण, घड्याळ, मशाल पाहिली की पुढचे काही वाचावे लागत नाही. सर्बियाचे राजकारण या नजरेने वाचायला गेले तर हाती काही लागत नाही, कारण तिथे पक्षाच्या चिन्हाचे काम निराळे आहे. मतदाराला पक्ष दाखवून देणे हे ते काम नाही. आपण कोणत्या इतिहासाचे वारस आहोत, हे ते चिन्ह सांगू पाहते. आणि जवळजवळ सगळे मोठे पक्ष एकाच वारशावर हक्क सांगत असल्यामुळे त्यांचे झेंडेही एकमेकांसारखे होत गेले आहेत.

मूळ झेंडा आणि त्यावरची तीन रंगांची भांडणे

सुरुवात राष्ट्रध्वजापासून करायला हवी, कारण पक्षांच्या चिन्हांचा सगळा कच्चा माल तिथूनच येतो. सर्बियाच्या ध्वजात वर लाल, मध्ये निळा आणि खाली पांढरा असे तीन आडवे पट्टे असतात. सामान्य नागरिक वापरतात तो ध्वज एवढाच असतो. सरकारी ध्वजावर याशिवाय काठीच्या बाजूला थोडे सरकवलेले राजचिन्ह असते. राजचिन्ह म्हणजे ढालीवर चितारलेली राज्याची किंवा घराण्याची खूण. युरोपात सरदार-राजघराण्यांच्या काळापासून ती चालत आली आहे.

हा तिरंगा आला कुठून? सर्बिया अजून तुर्की सुलतानाच्या मांडलिकीत असताना, १८३५ च्या फेब्रुवारीत, तिथे पहिली राज्यघटना जाहीर झाली आणि तिच्यात ध्वजाचे रंगही सांगितलेले होते. ते रंग फ्रान्सच्या क्रांतीच्या तिरंग्याच्या फार जवळ जातात, असे शेजारच्या साम्राज्यांना वाटले. त्या काळी क्रांतीची नुसती सावलीही बादशहांना नको होती. घटना काही आठवड्यांतच गुंडाळली गेली. पुढे सुलतानाच्या परवानगीने जो ध्वज रूढ झाला तो लाल-निळा-पांढरा. रंग तेवढेच, फक्त क्रम बदललेला. पण त्या क्रमासाठी परवानगी लागली होती, हे विसरता येत नाही.

हा ध्वज उलटा धरला तर तो रशियाचा दिसतो. रशियाचा क्रम पांढरा-निळा-लाल आहे. सर्बियात याबद्दल एक लोककथा सांगतात: कोणे एके काळी रशियात गेलेल्या सर्ब प्रतिनिधींकडे स्वतःचा ध्वज नव्हता, म्हणून त्यांनी रशियाचाच ध्वज उलटा धरला. ही कथा म्हणूनच ऐकावी. मात्र रंगांमधले नाते खरे आहे. एकोणिसाव्या शतकात स्लाव्ह भाषा बोलणाऱ्या अनेक समाजांनी हेच तीन रंग आपले मानले, म्हणून स्लोव्हाकिया, स्लोव्हेनिया आणि क्रोएशिया यांच्या ध्वजांतही ते आजपर्यंत आहेत. तेव्हा सर्बियाच्या मोर्च्यातील प्रत्येक तिरंगा रशियाच्या बाजूचा आहे, असा निष्कर्ष काढणे चूक आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या समाजवादी युगोस्लाव्हियात सर्बिया हे एक घटक प्रजासत्ताक होते आणि त्याच्या तिरंग्यावर मधोमध लाल तारा असे. १९९० च्या दशकात युगोस्लाव्हिया फुटला, तारा गेला, पण त्याच्या जागी काय यावे यावर एकमत होईना. अखेर ऑगस्ट २००४ मध्ये सर्बियाच्या संसदेने शिफारस करून जुन्या राजचिन्हासह आजचा ध्वज स्वीकारला. त्यासाठी रीतसर कायदा व्हायला २००९ उजाडले. म्हणजे १९९० च्या दशकात सर्बियावर सत्ता गाजवणाऱ्या मिलोशेविचच्या काळापासून पुढची बारा-तेरा वर्षे, जेव्हा आजचे बहुतेक पक्ष जन्माला येत होते, तेव्हा देशाचे स्वतःचे चिन्हच वादात होते. पक्षांच्या झेंड्यांवर तिरंगा आणि गरुड यांची एवढी गर्दी का झाली, याचे उत्तर मला मुख्यतः या रिकाम्या काळात दिसते. दारावरची पाटी उतरलेली असावी आणि घरातल्या प्रत्येक भावाने आपापल्या खोलीवर घराण्याचे नाव रंगवून घ्यावे, तसे ते झाले.

भारताच्या उलट ही वाट आहे. आपल्याकडे काँग्रेसचा चरख्याचा तिरंगा आधी होता, त्यातून देशाचा ध्वज घडला. सर्बियात ध्वज पक्षांच्या आधीचा आहे आणि पक्ष त्याच्याकडे उसनवारीला गेले आहेत.

राजा नाही, मग मुकुट कशाला?

सर्बियाच्या राजचिन्हावर दोन डोकी असलेला पांढरा गरुड आहे, त्याच्या छातीवर लाल ढाल आहे, ढालीवर पांढरा क्रूस आहे आणि सगळ्यांच्या वर राजमुकुट आहे. २००६ च्या घटनेनुसार सर्बिया प्रजासत्ताक आहे. राजेशाही तर १९४५ मध्येच संपली. तरी मुकुट आहे, कारण हे चिन्ह १८८२ चे आहे. त्या वर्षी मिलान ओब्रेनोविच याने स्वतःला राजा घोषित केले आणि नव्या राज्याचे चिन्ह व्हिएन्नातील वंशचिन्हकार अर्न्स्ट क्राल याने इतिहासकार स्तोयान नोवाकोविच यांच्या सल्ल्याने रेखाटले. २००४ मध्ये तेच परत आणले गेले. युरोपात हे वावगे मानत नाहीत. पोलंड आणि हंगेरी हीसुद्धा प्रजासत्ताके आहेत आणि त्यांच्या राजचिन्हांवर मुकुट आहेत.

तरीही मुकुट हा राजकीय विषय राहतोच. वुक द्राश्कोविच यांचा सर्बियन नवनिर्माण पक्ष १९९० पासून राजेशाही परत यावी असे म्हणत आला आहे, आणि त्याच्यातून २०१७ मध्ये फुटून निघालेल्या गटाचे नावच ‘सर्बियाच्या राजेशाहीची पुनःस्थापना करणारी चळवळ’ असे आहे. एखाद्या शासकीय कचेरीवरचा मुकुट हा निव्वळ वारसा असतो. तोच मुकुट अशा पक्षाच्या हातात आला की ती मागणी होते. सर्बियातील चिन्हांच्या बाबतीत ही काळजी सतत घ्यावी लागते. खूण एकच असते, पण ती कोणी धरली आहे यावरून तिचा अर्थ ठरतो.

गरुडाबद्दलही हेच. दोन डोक्यांचा गरुड बायझंटाईन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या परंपरेतून बाल्कन प्रदेशात पसरला. सर्बियाचा पांढरा आहे, मॉन्टेनेग्रोचा सोनेरी, अल्बानियाचा काळा. ज्या सर्ब आणि अल्बानियन राष्ट्रवादांमध्ये कोसोवो या प्रदेशावरून इतके वैर आहे, त्या दोघांच्या ध्वजांवर एकाच कुळातला पक्षी बसलेला आहे. आपल्याकडच्या किल्ल्यांवर कोरलेला गंडभेरुंड पाहिलेल्या वाचकाला हे रूप ओळखीचे वाटेल, पण तेवढ्यावरून दोघांचे नाते जोडू नये.

क्रूसाच्या चार कोपऱ्यांत चार अर्धगोल खुणा आहेत. मुळात ती चकमक आहे, म्हणजे गारगोटीवर आपटून ठिणगी पाडायचा पोलादी तुकडा. बायझंटियमच्या शेवटच्या राजघराण्याच्या क्रूसाभोवती अशाच चार खुणा असत आणि तिथून त्या सर्बियात आल्या, असे अभ्यासक मानतात. सामान्य सर्ब माणूस मात्र त्यांत चार अक्षरे वाचतो. सिरिलिक लिपीतला ‘स’ इंग्रजीतल्या ‘सी’ सारखा दिसतो, आणि चार ‘स’ म्हणजे ‘सामो स्लोगा सर्बिना स्पासावा’, अर्थात ‘एकीच सर्बाला तारते’. इतिहासाच्या दृष्टीने हा अर्थ मागाहून चिकटलेला आहे, पण भिंतींवर खडूने काढायला तो इतका सोपा आहे की सभांपासून फुटबॉलच्या मैदानांपर्यंत तो सगळीकडे आढळतो. या घोषवाक्याचा मोह पक्षांना का पडतो, हे वेगळे सांगायला नको. एकीची हाक देणारा प्रत्येक पक्ष त्यातून हेही सुचवतो की एकी आपल्याच भोवती व्हावी.

मतपत्रिकेवर निशाणी नसते का?

नसते, आणि आपल्याला सर्वांत नवल वाटावे अशी गोष्ट हीच आहे. सर्बियाच्या संसदेत २५० जागा आहेत आणि त्यांच्यासाठी संपूर्ण देश हा एकच मतदारसंघ धरतात. पक्ष किंवा आघाड्या उमेदवारांच्या याद्या देतात, मतदार एका यादीला मत देतो, आणि मतांच्या प्रमाणात जागा वाटल्या जातात. किमान ३ टक्के मते मिळाली तरच यादीला जागा मिळतात. २०२० पूर्वी ही अट ५ टक्क्यांची होती. मतपत्रिकेवर यादीचा क्रमांक, यादीचे नाव आणि पहिल्या उमेदवाराचे नाव छापलेले असते. मतदार क्रमांकाभोवती गोल करतो. कमळाची किंवा घड्याळाची जागाच तिथे नाही.

भारतात निशाण्या आल्या त्या निरक्षर मतदारासाठी, आणि १९६८ च्या आदेशाने त्यांना कायदेशीर मालमत्तेसारखे रूप मिळाले. म्हणूनच शिवसेना फुटली तेव्हा धनुष्यबाण कोणाचा, आणि राष्ट्रवादी काँग्रेस फुटली तेव्हा घड्याळ कोणाचे, हा प्रश्न निवडणूक आयोगापर्यंत आणि न्यायालयापर्यंत गेला. सर्बियात पक्ष फुटला तर चित्रापेक्षा नाव कोणाकडे जाते याला महत्त्व येते.

याचा परिणाम असा की तिथे यादीचे नाव हेच बोधचिन्ह बनते. सत्ताधारी सर्ब प्रगतिशील पक्षाची यादी २०२० मध्ये ‘अलेक्सांदर वुचिच – आपल्या मुलांसाठी’, २०२२ मध्ये ‘अलेक्सांदर वुचिच – एकत्र आपण सर्व काही करू शकतो’ आणि २०२३ मध्ये ‘अलेक्सांदर वुचिच – सर्बियाने थांबता कामा नये’ या नावांनी उभी होती. तिन्ही वेळा आधी माणसाचे नाव आहे, मग घोषणा. आणि हा माणूस २०१७ मध्येच देशाचा अध्यक्ष झाला होता आणि २०२२ मध्ये त्या पदावर पुन्हा निवडून आला. विरोधकांनी २०२३ मध्ये याच युक्तीने उत्तर दिले. त्या वर्षी मे महिन्यात लागोपाठच्या दोन दिवशी दोन सामूहिक हत्याकांडे झाली होती, त्यातले एक बेलग्रेडमधील एका शाळेत; त्यानंतरच्या मोर्च्यांची घोषणा ‘सर्बिया हिंसेविरुद्ध’ हेच त्यांच्या यादीचे नाव झाले. नाव किती काम करू शकते याचे आणखी एक उदाहरण २०१२ चे आहे. ‘दिलेल्यापैकी एकही उत्तर नाही’ अशा अर्थाच्या नावाची यादी तेव्हा निवडणुकीत उतरली आणि तिने संसदेत एक जागा मिळवलीही.

जुनी नावे, नवे मालक

पेठेत एकाच नावाची दोन दुकाने शेजारी असतात आणि दोन्हींवर ‘मूळ दुकान’ असे लिहिलेले असते, हा अनुभव सर्वांना आहे. १९९० मध्ये बहुपक्षीय राजकारण परत आले तेव्हा सर्बियात असेच घडले. १८८१ मध्ये तिथे दोन पक्ष स्थापन झाले होते: निकोला पाशिच यांचा शेतकऱ्यांत रुजलेला लोक-रॅडिकल पक्ष आणि शिकलेल्या शहरी वर्गाचा प्रगतिशील पक्ष. दोघे एकमेकांचे कट्टर विरोधक होते. एकशे दहा वर्षांनी, १९९१ मध्ये, वोयिस्लाव शेशेल यांनी आपल्या अतिराष्ट्रवादी पक्षाला रॅडिकल हे नाव दिले. २००८ मध्ये तोमिस्लाव निकोलिच आणि अलेक्सांदर वुचिच त्या पक्षातून बाहेर पडले आणि त्यांनी नव्या पक्षासाठी प्रगतिशील हे नाव निवडले. एकोणिसाव्या शतकात जे समोरासमोर उभे होते, त्यांची नावे घेणारे एकविसाव्या शतकात एकमेकांच्या पोटातून निघाले. डेमोक्रॅटिक पक्षाचे नावही १९१९ च्या पक्षाचे आहे. १९९० मध्ये ते पुन्हा घेतले गेले.

त्यामुळे नावावरून विचारसरणी ओळखू नये. जुने नाव घेतले की पक्षाला एका क्षणात शंभर वर्षांचे वय मिळते, एवढाच त्याचा उपयोग आहे. पण ज्या देशात एका शतकात राजेशाही, परकीय सैन्य, साम्यवाद आणि युद्धे येऊन गेली, तिथे हे उसने वयही मोठा आधार वाटतो.

गुलाब, पिवळा रंग आणि लिपी

सगळेच तिरंग्याकडे धावले असले तरी काही खुणा वेगळ्या राहिल्या. जुलै १९९० मध्ये सर्बियाच्या साम्यवादी संघटनेतून समाजवादी पक्ष तयार झाला आणि स्लोबोदान मिलोशेविच त्याचे नेते झाले. त्या पक्षाची खूण आहे गुलाब. पश्चिम युरोपातल्या समाजवादी पक्षांमध्ये गुलाब १९७० च्या आसपास रूढ झाला होता. लाल तारा आणि विळा-हातोडा टाकून गुलाब हाती घेणे म्हणजे आपण आता युरोपातल्या सभ्य डाव्यांपैकी आहोत, असे सांगणे होते. त्याच वर्षी डिसेंबरच्या निवडणुकीत या पक्षाने २५० पैकी १९४ जागा जिंकल्या. पुढच्या दशकात त्या गुलाबाखाली जे झाले, ती युद्धे, ते निर्बंध, ती महागाई, त्याने त्या फुलाचा अर्थ बदलून टाकला. पक्ष आजही आहे, गुलाब आजही आहे, आणि अनेक सर्ब माणसांना तो पाहिला की पश्चिम युरोपची नव्हे, मिलोशेविचचीच आठवण होते.

डेमोक्रॅटिक पक्षाने निळा आणि पिवळा हे रंग घेतले. याच पक्षाचे नेते आणि पंतप्रधान झोरान जिंजिच यांची १२ मार्च २००३ रोजी बेलग्रेडमध्ये हत्या झाली. तिरंग्यात पिवळा नाही, त्यामुळे हा पक्ष गर्दीत चटकन ओळखू येत असे. आणि याच गोष्टीचा त्याला त्रास झाला. विरोधकांनी त्याच्या लोकांना ‘झुती’, म्हणजे ‘पिवळे’ म्हणायला सुरुवात केली. २०१२ मध्ये तो सत्तेवरून गेला, पण हा शब्द गेला नाही. सत्ताधाऱ्यांच्या भाषणांत ‘पिवळे’ म्हणजे भ्रष्ट, जनतेपासून तुटलेले, असाच अर्थ असतो, आणि त्या पक्षाशी संबंध नसलेल्या विरोधकांनाही तो सरसकट लावला जातो. एका रंगाची शिवी होऊ शकते, हे पाहिल्यावर इतर पक्ष तिरंग्याच्या उबेत का राहतात हे कळते. लाल-निळ्या-पांढऱ्याला शिवी देणे म्हणजे देशालाच शिवी देणे. ते कोण करील?

आणखी एक खूण परक्या वाचकाच्या नजरेतून हमखास सुटते, ती लिपीची. सर्बियन भाषा सिरिलिक आणि रोमन या दोन्ही लिप्यांत लिहितात, आणि शाळेत शिकलेला प्रत्येक माणूस दोन्ही वाचतो. घटनेने सिरिलिकला अधिकृत मान दिला आहे, पण दुकानांच्या पाट्यांपासून मोबाइलवरच्या संदेशांपर्यंत रोमन लिपी सर्रास वापरली जाते. तेव्हा पक्षाने आपली आद्याक्षरे कोणत्या लिपीत लिहिली, यातूनच तो काही सांगत असतो. सिरिलिक परंपरेचा, चर्चचा, राष्ट्राचा सूर लावते. रोमन शहरी आणि युरोपाभिमुख वाटते. छायाचित्रात इंग्रजी ‘सी-एच-सी’ सारखी दिसणारी अक्षरे प्रत्यक्षात ‘स-न-स’ आहेत, म्हणजे प्रगतिशील पक्ष. आणि ‘सी-पी-सी’ सारखी दिसणारी ‘स-र-स’ आहेत, म्हणजे रॅडिकल. कोकणी देवनागरीत लिहावी की रोमीत, यावर गोव्यात किती तीव्र भावना आहेत हे ज्यांना माहीत आहे, त्यांना लिपी हा झेंडा कसा होतो हे समजावून सांगावे लागणार नाही.

गरुड दिसला म्हणजे अतिरेकी राष्ट्रवाद, असे समजायचे का?

हा आक्षेप बोस्निया किंवा क्रोएशियातील माणूस घेईल तेव्हा तो उडवून लावू नये. १९९० च्या युद्धांत सर्ब सैनिकी टोळ्यांनी गरुड आणि चार ‘स’ भिंतींवर काढून गावे रिकामी केली, आणि ज्यांची घरे गेली त्यांच्यासाठी ती खूण कायमची तशीच राहणार आहे. मात्र एक भेद करायला हवा. गरुड हे राज्याचे चिन्ह आहे आणि ते पासपोर्टवरही असते. चेतनिकांचा काळा झेंडा ही निराळी गोष्ट आहे. त्यावर कवटी आणि हाडे असतात, आणि ‘राजा व पितृभूमीसाठी – स्वातंत्र्य किंवा मृत्यू’ असे शब्द असतात. चेतनिक म्हणजे दुसऱ्या महायुद्धातील राजनिष्ठ सर्ब सशस्त्र गट. त्यांचे सेनानी द्राझा मिहाइलोविच यांना साम्यवादी सरकारने १९४६ मध्ये मृत्युदंड फर्मावून गोळ्या घातल्या, आणि २०१५ मध्ये बेलग्रेडच्या न्यायालयाने तो निकाल रद्द केला. शेशेल यांच्या रॅडिकल पक्षाने स्वतःचे नाते या परंपरेशी जोडले. ज्या सभेत हा काळा झेंडा दिसतो, तिथे उजवीकडचे टोक आहे असे समजायला हरकत नाही. नुसत्या गरुडावरून तसे म्हणता येत नाही.

तिरंगा कोणत्याही एका बाजूचा नसला तरी सत्ता त्याला आपल्याकडे ओढत असते. २०२० पासून सर्बिया आणि बोस्नियातील सर्बबहुल ‘रेपुब्लिका सर्प्स्का’ हा भाग मिळून १५ सप्टेंबर हा ‘सर्ब ऐक्य, स्वातंत्र्य आणि राष्ट्रध्वजाचा दिवस’ म्हणून पाळतात. त्या दिवशी रस्तोरस्ती ध्वज लागतात. ध्वज सरकारने लावला की पक्षाने, हे अशा वेळी सांगणे कठीण होते, आणि पक्ष दीर्घकाळ सत्तेवर असेल तर हा गोंधळ त्याच्या फायद्याचाच असतो.

मूठ आणि बदक

तिरंग्याची जागा अशी व्यापलेली असल्यामुळे बंड करणाऱ्यांना आपली खूण बाहेरून आणावी लागली, आणि या प्रकरणातला सर्वांत जिवंत भाग हाच आहे. १९९६-९७ च्या हिवाळ्यात स्थानिक निवडणुकांतील गैरप्रकारांविरुद्ध बेलग्रेडमध्ये आठवड्यांमागून आठवडे मोर्चे निघाले. त्यांत लोकांनी परदेशांचे झेंडे आणले, शिट्ट्या आणल्या, एवढेच काय तर फेरारी मोटारीचाही झेंडा आणला. अधिकृत चिन्हांच्या जडपणापासून सुटण्याची ती धडपड होती.

ऑक्टोबर १९९८ मध्ये बेलग्रेडच्या विद्यार्थ्यांनी ‘ओतपोर’ नावाची संघटना काढली. ओतपोर म्हणजे प्रतिकार. नेनाद पेत्रोविच दुदा यांनी तिच्यासाठी आवळलेली मूठ काढली, काळ्या-पांढऱ्या रंगात. तिच्यात तिरंगा नाही, गरुड नाही, क्रूस नाही. साचा कापून भिंतीवर रंगाचा एक फवारा मारला की ती उमटे. २००० च्या निवडणुकीत या संघटनेने ‘तो संपला’ अशी चिकटपत्रे देशभर लावली, आणि ५ ऑक्टोबर २००० रोजी मिलोशेविच यांची सत्ता गेली. ती मूठ पुढे जॉर्जियात २००३ मध्ये आणि नंतर इजिप्तमधील तरुणांच्या चळवळीतही दिसली. पण ओतपोरने २००३ मध्ये स्वतः पक्ष बनून निवडणूक लढवली तेव्हा तिला २ टक्केही मते मिळाली नाहीत, आणि पुढच्या वर्षी ती डेमोक्रॅटिक पक्षात विलीन झाली. ‘हे नको’ म्हणण्यासाठी त्या मुठीखाली लाखो माणसे एकत्र आली होती. ‘आम्हाला निवडा’ म्हणताना ती माणसे आपापल्या पक्षांकडे परत गेली.

दुसरी खूण पिवळ्या बदकाची आहे. बेलग्रेडमध्ये सावा नदीच्या काठावर परदेशी भांडवलाच्या साह्याने टोलेजंग इमारतींचा मोठा प्रकल्प आखला गेला, तेव्हा ‘बेलग्रेड बुडू देणार नाही’ या गटाने रस्त्यावर एक प्रचंड पिवळे बदक आणले. सर्बियनमध्ये बदकाला ‘पात्का’ म्हणतात, आणि बोलीत या शब्दाचा अर्थ थाप, फसवणूक असाही होतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये, निवडणुकीच्याच रात्री, तोंडे झाकलेल्या माणसांनी बुलडोझर आणून त्या भागातील काही बांधकामे पाडली आणि पोलीस बोलावूनही आले नाहीत. त्यानंतर हजारो लोक त्या बदकामागे चालू लागले. हा गट २०२२ मध्ये एका आघाडीतून संसदेत पोचला आणि २०२३ मध्ये त्याचा ‘हरित-डावी आघाडी’ हा पक्ष झाला. पिवळा रंग इथे परत आला, पण या वेळी त्याची शिवी करणे तितके सोपे राहिले नाही.

अल्पसंख्याक समाजांच्या पक्षांचे गणित अगदीच वेगळे आहे. पक्ष नोंदवायला एरवी १० हजार सह्या लागतात, त्यांना १ हजार पुरतात, आणि जागा मिळवायला ३ टक्क्यांची अटही त्यांना नाही. हंगेरियन, बोस्नियाक आणि अल्बानियन पक्षांना सर्ब वारशावर हक्क सांगायचा नसल्यामुळे तिरंग्याचीही गरज भासत नाही. त्यांची चिन्हे त्यांच्या समाजाच्या खुणांवर उभी असतात.

मग आताच्या मोर्च्यांत लोक नेमके काय धरतात?

नोवी सादच्या दुर्घटनेनंतर विद्यार्थ्यांनी निवडलेली खूण म्हणजे लाल हाताचा ठसा, आणि त्यासोबतचे शब्द ‘तुमचे हात रक्ताने माखले आहेत’. आपल्याकडच्या हाताच्या निशाणीशी त्याचा काही संबंध नाही. तो आरोप आहे, आशीर्वाद नाही. विद्यार्थ्यांनी आपल्या मोर्च्यांपासून विरोधी पक्षांना निश्चयपूर्वक दूर ठेवले, आणि युरोपीय संघाचे झेंडेही तिथे क्वचितच दिसले. अध्यक्ष वुचिच या आंदोलनाला ‘रंगीत क्रांती’, म्हणजे परदेशातून घडवून आणलेले सत्तांतर, म्हणत आले आहेत. परका म्हणून दाखवता येईल असा कोणताही झेंडा हातात नसणे हे त्या आरोपाला विद्यार्थ्यांचे उत्तर होते. म्हणून त्यांनी राष्ट्रध्वज उचलला, आणि माझ्या मते त्यांची सर्वांत महत्त्वाची कृती हीच आहे. ओतपोरने तिरंगा बाजूला ठेवून मूठ उचलली होती. या पिढीने तिरंगा आणि रक्ताळलेला हात दोन्ही एकत्र धरले. पक्षांनी तीस वर्षे जो ध्वज आपापल्या खोलीच्या दारावर लावला होता, तो त्यांनी परत अंगणात आणला. म्हणूनच दोन्ही बाजूंची छायाचित्रे आपल्याला सारखी दिसतात, आणि म्हणूनच त्यांत फरक शोधताना ध्वजाकडे न पाहता त्याच्या शेजारच्या फलकावर हात आहे का, ते पाहावे लागते.

मे २०२५ मध्ये विद्यार्थ्यांनी मुदतपूर्व निवडणुकांची मागणी केली आणि त्यांच्या पाठिंब्याच्या स्वतंत्र यादीची चर्चा सुरू झाली. ती यादी मतदारांपुढे आली तरी मतपत्रिकेवर लाल हात नसेल, तिरंगाही नसेल. तिथे एक क्रमांक असेल, यादीसाठी त्यांनी ठरवलेले नाव असेल, आणि पहिल्या उमेदवाराचे नाव असेल.